एक्केचाळीसपासून पुढची उत्तरं

छापखान्यात तिला सगळे टकटकताई म्हणत. हे नाव खालच्या मजल्यावरच्या बाइंडरने ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. समोर कीबोर्ड असो वा नसो, तिची बोटं सदा चालू. बसच्या दांडीवर, डब्याच्या झाकणावर, स्वतःच्याच गुडघ्यावर. समोरचा माणूस बोलत असायचा आणि ही त्याचं बोलणं मांडीवर टाइप करत असायची. बाइंडर म्हणायचा, "ताई, माझं वाक्य सेव्ह केलंत ना? मला परत बोलायला लावू नका."

एकोणीस वर्षं ती एकाच खोलीत, एकाच खिडकीकडे पाठ करून बसत आली होती. प्रकाशन छोटं होतं आणि काम एकच, परीक्षांची गाइडं काढायची. खाली छपाईचं यंत्र धडधडायचं, वर तिच्या टेबलावरचा पाण्याचा पेला त्या तालावर थरथरायचा. समोरच्या टेबलावर सर बसत. ते शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. सर वहीत प्रश्न लिहायचे, ती टाइप करायची, सर तपासून खाली सही करायचे आणि पानं खाली जायची. हजारो प्रश्न तिच्या बोटांखालून गेले होते. पण बोटांतून डोक्यात काही चढलं होतं असं नाही. यकृत कुठे असतं असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं, डाव्या पानावर, वरून चौथ्या ओळीत.

बारावी विज्ञान ती झाली होती, तेही चांगल्या गुणांनी. नर्सिंगचा फॉर्म भरायचा त्याच उन्हाळ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला. आई आधीच गेलेली, मोठा भाऊ नोकरीसाठी परगावी. ती कामाला लागली आणि पुढची अकरा वर्षं घरी वडिलांचं सगळं केलं. कूस बदलणं, नळीतून भरवणं, पाठीला जखम होऊ न देणं. येणारे-जाणारे म्हणायचे, "तू तर अर्धी नर्सच झालीस." त्यांना ते कौतुक वाटायचं. तिला तो 'अर्धी' शब्द खड्यासारखा टोचायचा. वडील गेले तेव्हा ती तिशीची होती आणि अंगात काही सुरू करायचा दम उरला नव्हता. दम परत आला तोवर वयाची अट आड आली.

त्या वर्षी नर्सिंगच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेचं गाइड नव्याने निघायचं होतं. सरांनी पहिल्या पानाची सूचना लिहून दिली. ती टाइप करता करता तिची बोटं थांबली. खोलीत इतकं शांत झालं, की सरांनी मान वर केली.

"काय झालं? वीज गेली का?"

"सर, हे खरं आहे? 'यंदापासून वयाची कमाल अट रद्द करण्यात येत आहे'?"

"परिपत्रकात आहे तसं लिहिलंय."

"म्हणजे अडतीस चालतात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अठ्ठ्याऐंशीही चालतात," ते म्हणाले. "पेपर सोडवता आला पाहिजे."

तिने फॉर्म भरला. भावाने फोनवर आधी हसून घेतलं. मग म्हणाला, "अगं, या वयात? आणि भाचीबरोबर एकाच बाकावर बसणार तू?" त्याची मुलगी बारावीसाठी आत्याकडे राहायला आली होती आणि हीच परीक्षा देणार होती. भाची मात्र टाळ्या पिटून मोकळी झाली. "आत्या, मस्त! एक गाइड दोघींना पुरेल." आत्याने नवं गाइड आणलं, स्वतःच टाइप करून जुळवलेलं, अजून शाईचा वास येत असलेलं. दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन टोकांना आपापल्या वह्या मांडल्या. परीक्षेला नऊ आठवडे होते.

अभ्यास म्हणजे काय हे ती विसरली होती. पहाटे साडेपाचला उठून ती पुस्तक उघडायची आणि डोळ्यांना भलतंच दिसायचं. 'पेशीभित्तिका' शब्दातली दुसरी वेलांटी जरा वर चढली आहे. इथे दोन शब्दांत जास्त जागा सुटली आहे. इथला ठसा पुसट आहे. तास संपायचा, धडा संपायचा आणि पेशीभित्तिका काय करते ते तिला ठाऊक नसायचं. ती उठायची, गॅस पुसायची, परत बसायची, परत उठायची. भाची न पाहता म्हणायची, "आत्या, तू बसतेस कमी आणि उठतेस जास्त."

तिसऱ्या आठवड्यात दोघींनी घड्याळ लावून गाइडच्या शेवटचा सराव पेपर सोडवला. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. भाचीला अडुसष्ट पडले, आत्याला एक्याण्णव.

भाची ओरडलीच. "आत्या! तू तर पहिली येशील!"

आत्याने पेपर उलटा करून ठेवला. ती काही सोडवत नव्हती हे तिचं तिलाच माहीत होतं. प्रश्न वाचला की बोटं आपोआप त्या अक्षरावर जात होती, कारण तीच उत्तरसूची त्याच बोटांनी तीनदा जुळवली होती, दोनदा दुरुस्त केली होती. हे कुणाला सांगावं? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सरांना सांगून टाकलं. त्यांनी वही ओढली, तिथल्या तिथे पंचवीस नवे प्रश्न लिहिले आणि वही तिच्यापुढे सरकवली.

तिचे आठ बरोबर आले.

"आता कळलं कुठे आहात ते," सर म्हणाले. आवाज कोरडा होता, पण त्यांनी आपल्या डब्यातलं सफरचंद अर्धं कापून तिच्यापुढे ठेवलं. "ते गाइड पाठ करायला नाही लिहिलेलं, ताई. प्रश्न वाचा, उत्तर स्वतः काढा, का ते वहीत लिहा, मग सूची बघा. सूची आधी बघायची सवय मोडा."

घरी येऊन तिने कात्री घेतली आणि गाइडमधल्या उत्तरसूचीची सगळी पानं कापून काढली. भाची "अगं, अगं" करेपर्यंत गठ्ठा बाजूला झाला होता. तिने तो पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. "तुला लागलं तर तू काढ," ती भाचीला म्हणाली. "मला देऊ नकोस."

मग खरा अभ्यास सुरू झाला आणि त्याने तिची झोप उडवली. एक प्रश्न सोडवायला पंधरा-पंधरा मिनिटं लागायची. बसमध्ये ती ओठ हलवत राहायची. छापखान्यात टाइप करता करता मध्येच थांबून सरांना विचारायची, "सर, हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड का?" सर हातातलं काम न सोडता म्हणायचे, "रक्त कुठवर ढकलायचंय त्याचा विचार करा." ती विचार करायची. उत्तर सापडलं की खुर्चीत बसल्या बसल्या तिचे पाय हलू लागायचे. उत्तर सापडलं नाही तरीही हलायचे.

परीक्षा वीस दिवसांवर आली तेव्हा ती आम्ल आणि आम्लारी या प्रकरणाशी पोहोचली. साठ प्रश्न होते. तिने दोन दिवस घेऊन सगळे सोडवले, कारणांसकट, आणि भाचीला म्हणाली, "तपास."

भाचीने पाकीट काढलं, सूची समोर धरली आणि लाल पेनाने खुणा करत गेली. पहिल्या चाळीसमध्ये चार चुका. मग तिची भुवई वर गेली. "आत्या, पुढे काय केलंस गं? एक्केचाळीस चूक. बेचाळीस चूक. त्रेचाळीस चूक... शेवटच्या वीसमध्ये चौदा चूक!"

त्या दिवशी टकटकताई जेवली नाही. तिने ते वीस प्रश्न पुन्हा सोडवले. तीच उत्तरं आली. म्हणजे मुळातच काही कळलेलं नाही. अठरा दिवस राहिलेत आणि आपल्याला काही कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कामात इतक्या चुका केल्या, की मालक स्वतः वर येऊन बघून गेले. संध्याकाळी तिने वही बंद करून टेबलावर आपटली. "मला नाही जमायचं हे. मी फॉर्म मागे घेते."

"अगं, पाठ करून टाक ना ती," भाची म्हणाली. "मी तसंच केलं. सत्तेचाळीसावा बघ. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवला तर द्रावण कसं होतं? मीही आधी आम्लारिधर्मी म्हणाले होते. सूचीत आम्लधर्मी आहे."

"का पण?"

"त्यातून वायू निघतो ना. म्हणून असेल."

आत्याने वही पुन्हा उघडली. "तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. पुस्तकात छापलंय ते उगाच असेल का?"

"अगं बाई, पुस्तक मी छापलंय!"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि तीच दचकली. तिने भाचीच्या हातून सूची ओढून घेतली. आजवर तिने आपली उत्तरं एकेक करून पाहिली होती, आता ओळीने पाहिली. वहीत एक्केचाळीस ते साठ: अ, ड, ब, ब, क... सूचीत एक्केचाळीसला क, आणि मग अ, ड, ब, ब. तिची बहुतेक उत्तरं जशीच्या तशी तिथे होती, एकेक घर पुढे सरकलेली.

सकाळी कुलूप उघडायच्या आधीच ती छापखान्याच्या दारात उभी होती. वर जाऊन तिने सरांच्या हस्तलिखिताची फाइल काढली. सरांच्या वहीत चाळीसला क होतं, एक्केचाळीसला अ. तिने चाळीसचं क दोनदा टाइप केलं होतं. चौकटीत घरं साठच, त्यामुळे एकसष्टावं अक्षर चौकटीच्या खाली दडून राहिलं होतं आणि सगळं भरलेलं, नीटनेटकं दिसत होतं. खाली सरांची सही होती.

सर आले तेव्हा तिने दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि उभी राहिली. सरांनी बोट ठेवून ठेवून पाहिलं. मग सहीकडे पाहिलं.

"मी हे पान तपासलं नाही," ते म्हणाले. "तुमचं काम आहे म्हणून डोळे मिटून सही केली."

"चूक माझी आहे, सर."

"अर्धी." सर उठले. "चला, मालकांकडे."

मालक वाईट माणूस नव्हता, पण त्याला कटकट नको होती. "दीड महिना झाला पुस्तक बाहेर पडून," तो म्हणाला. "एकाही दुकानदाराचा फोन नाही, एका पोराची तक्रार नाही. परीक्षा सोळा दिवसांवर. आता गाजावाजा करून काय मिळवायचं? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"तक्रार येणार कशी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि बोटं मालकाच्या टेबलाच्या कडेवर वाजत होती. "माझ्या घरात मुलगी बसलीय, तिने बरोबर उत्तर खोडून चुकीचं पाठ केलंय. वर त्याला कारणही शोधून काढलंय. अशी किती असतील? मला सांगा, पुस्तक खोटं आहे असं कोण म्हणणार? मी एकोणीस वर्षं इथे आहे, मीसुद्धा म्हटलं नाही. मी म्हटलं, मीच ढ आहे."

मालकाने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "शुद्धिपत्र निघत नसेल, तर पुस्तकावरचं माझं नाव काढा."

शुद्धिपत्र निघालं. तिने ते वीस मिनिटांत जुळवलं आणि तीनदा तपासलं. सरांनी दोनदा तपासलं आणि बाइंडरला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं. दुकानांतल्या पुस्तकांत पट्ट्या चिकटवायला मालकाने माणूस पाठवला. पण विकल्या गेलेल्या पुस्तकांचं काय? त्याचा भुंगा तिच्या डोक्याला लागला. अभ्यासाला बसली की तो भुणभुणायचा. शेवटी ती भाचीला घेऊन निघाली. पट्ट्यांचा गठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन दोघी आठवडाभर संध्याकाळी क्लासांच्या जिन्यांत, कॉलेजांच्या फलकांवर, झेरॉक्सच्या दुकानांत शुद्धिपत्रं लावत हिंडल्या. भाची पहिले दोन दिवस घुम्यासारखी होती. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी दातांनी तोडता तोडता म्हणाली, "मला तुझा राग नाही आला, आत्या. माझाच आला. मला आलेलं उत्तर मी खोडलं ना."

शेवटी राहिली मोठी अभ्यासिका. लांब हॉल, ओळीने टेबलं, पन्नासेक मुलंमुली माना खाली घालून बसलेली, आणि पंख्यांखेरीज कसलाच आवाज नाही. सहा-सात टेबलांवर तेच निळं गाइड. देखरेख करणाऱ्या काकांनी "दोन मिनिटांत आटपा" असं बजावलं. टकटकताई आयुष्यात पन्नास माणसांपुढे कधी बोलली नव्हती.

"ते निळं गाइड आहे ना," ती म्हणाली, "त्यातलं आम्ल-आम्लारीचं प्रकरण. एक्केचाळीसपासून पुढची उत्तरं चुकीची छापली गेलीत. मी टाइप केलंय ते. माझ्या हातून झालंय. ही बरोबर उत्तरं."

मागून एक मुलगा म्हणाला, "आणि हे आता सांगताय?" त्याचं बरोबरच होतं. ती पट्ट्या वाटत पुढे गेली. खिडकीजवळच्या टेबलावरच्या मुलीने पट्टी घेतली, पुस्तक उघडलं, आपली पेन्सिलीची उत्तरं पट्टीशी लावून पाहिली आणि तोंडावर हात धरून रडायलाच लागली.

"काय झालं गं?"

"काही नाही," ती मुलगी म्हणाली. "पंधरा दिवस मला वाटतंय, मला केमिस्ट्री येतच नाही. मी घरी सांगितलं होतं, मी परीक्षा देत नाही म्हणून."

टकटकताई तिच्या शेजारी बसली. तिने मुलीची वही जवळ ओढली आणि दोघींनी मिळून ते वीस प्रश्न ओळीने पाहिले. मुलीचे अठरा बरोबर होते. टकटकताईचे सतरा.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर पहिलाच घोळ झाला. फाटकावरचा माणूस तिला आत सोडेना. "पालकांनी झाडाखाली थांबायचं." तिने प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "बरं, जा काकू," तो म्हणाला. "म्हणजे... जा ताई."

वर्गात पेपर हातात पडला आणि दहा मिनिटांत तिची बोटं बाकावर सुरू झाली. पुढचा मुलगा दोनदा वळला. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या. "टकटक बंद करा." ती शरमली आणि डावा हात मांडीखाली दाबून बसली. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाशी तिची झटापट झाली. उत्तरपत्रिकेवर गोळे रंगवायचे, खोडायला मुभा नाही. शेवटचे अकरा प्रश्न वाचायचेच राहिले आणि घंटा झाली. बाहेर भाची उड्या मारत आली. "आत्या, आम्ल-आम्लारीवर तीन होते! तिन्ही आले मला!" आत्या हसली, पण तिच्या डोळ्यांसमोर ते अकरा रिकामे गोळे होते.

निकालाला महिना होता. त्या महिन्यात तिने घरातली सगळी कपाटं लावली, उसवलेलं सगळं शिवलं, पडदे धुतले, वाळले तसे पुन्हा धुतले. निकाल लागला. भाचीचं नाव पहिल्याच यादीत होतं. आत्या प्रतीक्षा यादीत, तेविसावी.

मग रोजचा जीव टांगणीला. दर सोमवारी यादी वर सरके. तेविसाची सतरा, सतराची बारा, बाराची सहा. ती सरांना सांगे, सर मान डोलावत. सहाची तीन झाली. आणि तिथे प्रवेश बंद झाले.

त्या दिवशी ती कामावर आली आणि दिवसभर टाइप करत राहिली. बाइंडर वर येऊन काहीतरी विनोद करणार होता, तो तिचं तोंड बघून तसाच उतरला. निघताना सर म्हणाले, "अकरा प्रश्न तुम्ही वाचलेच नाहीत. त्यातले चार आले असते तर?"

"तर आत असते."

"मग येत नव्हतं म्हणून नाही राहिलात. वेळ पुरला नाही म्हणून राहिलात. त्यावर उपाय असतो."

ती चिडली होती. तिला उपाय नको होता. पण आठवड्याने तिने स्वतःच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पुढचं वर्षभर सर रोज जेवणाच्या सुट्टीत तिला वीस नवे प्रश्न देत आणि अठरा मिनिटांत वही ओढून घेत. कधी ती भांडायची, कधी वही सोडायची नाही. घरी भाची कॉलेजातून आली की पहिल्या वर्षाची वही उघडून स्नायूंची नावं तिच्यापुढे म्हणायची, आणि चुकली की आत्याच टोकायची. त्या वर्षी नव्या आवृत्तीची उत्तरसूची तिने जुळवली नाही. मालकाला सांगितलं, "जी परीक्षा मी देतेय तिची सूची मी बघणार नाही." मालक कुरकुरला, पण त्याने ते काम दुसरीकडून करून घेतलं.

दुसऱ्या वर्षी ती दुसऱ्या यादीत चौथी लागली.

प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनाने तिची कागदपत्रं उलटसुलट पाहिली. "बारावीची मूळ गुणपत्रिका? ही तर पिवळी पडलीय."

"वीस वर्षं झाली तिला."

"बरं." त्याने शिक्का मारला आणि पावती सरकवली. "सोमवारी साडेसात. खोली क्रमांक नऊ. उशीर चालत नाही."

सोमवारला चार दिवस होते. ती घरी जायला वळली, फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली. लांब व्हरांडा ओलांडून नऊ नंबरच्या खोलीपाशी आली. दाराला कुलूप होतं. खिडकीच्या काचेवर धूळ होती. ती हाताने पुसून तिने आत डोकावलं. बाकांच्या सहा रांगा, समोर फळा, कोपऱ्यात झाकून ठेवलेला सांगाडा. पहिल्या रांगेत बसावं की तिसऱ्या, हे तिला काही केल्या ठरवता येईना. मागून झाडणारी बाई आली आणि म्हणाली, "आज वर्ग नाहीत हो."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.